कर्करोगाची लोकवर्गणी: परळपासून माहुलपर्यंत

ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पश्चिमेस, खाडीच्या काठी वसलेले माहुल हे कोळी-आगरी वस्तीचे गाव स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाच्या इतिहासात सहसा भेटत नाही. तो इतिहास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात सुरू होतो आणि तिथेच घडतो, असे मानण्याची रीत आहे. वस्तुतः त्या रुग्णालयाचा या टेकडीशी जुना संबंध आहे. टेकडीच्या पूर्वेकडील अंगाला १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली, तिच्या अणुभट्ट्यांत तयार होणारी किरणोत्सारी समस्थानिके, म्हणजे किरणे बाहेर टाकणारी मूलद्रव्यांची रूपे, निदानासाठी व उपचारासाठी उपयोगी पडतील हे होमी भाभा यांनी ओळखले होते, आणि १९६२ मध्ये टाटा रुग्णालयाचा कारभार केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून अणुऊर्जा खात्याकडे आला त्यामागे हीच दृष्टी होती. त्यामुळे मुंबईत या रोगासाठी पैसा कोणी दिला, श्रम कोणी दिले आणि त्याचे फळ कुठवर पोहोचले याचा हिशेब मांडताना परळइतकेच ट्रॉम्बेच्या बाजूलाही पाहावे लागते.

या हिशेबातील पहिली रक्कम एका कुटुंबाच्या दुःखातून आलेली आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले; पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही निवर्तले. त्यांच्या पश्चात टाटा विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ८० खाटांचे रुग्णालय सुरू केले. विश्वस्त निधी म्हणजे मूळ रक्कम न मोडता तिच्या उत्पन्नातून ठरावीक कार्य चालवण्याची व्यवस्था, आणि अशा व्यवस्थेवर वाढत्या रुग्णसंख्येचा भार कायमचा टाकता येत नाही हे लवकरच दिसून आले. १९५७ मध्ये केंद्र सरकारने रुग्णालय आपल्याकडे घेतले. इमारत, यंत्रे व डॉक्टरांचे पगार यांची सोय झाली. परंतु दूरच्या गावाहून आलेल्या बाईने महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांच्या काळात राहायचे कुठे, खायचे काय, आणि सोबतच्या नातेवाइकाची मजुरी बुडाली तर घर कसे चालायचे, हे प्रश्न कोणत्याही सरकारी तरतुदीत बसत नव्हते.

ती जागा लोकवर्गणीने भरून काढली. महाराष्ट्रात वर्गणी ही दानाहून थोडी वेगळी गोष्ट आहे: दान एकजण देतो आणि दुसरा घेतो, तर वर्गणीत देणारा स्वतःही त्या कामाचा वाटेकरी असतो, मग ते गावजत्रेचे असो, गणेशोत्सवाचे असो किंवा शाळेच्या इमारतीचे. गाडगे महाराजांनी याच मार्गाने राज्यभर धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करुग्णांचे दीर्घकाळचे आश्रयस्थान झाली. परळला नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून रुग्णांच्या निवासाचे व सेवेचे काम हाती घेतले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने औषधांसाठी मदत मिळवून देण्याचे काम केलेच, शिवाय रक्ताच्या कर्करोगावरील एका महागड्या औषधाच्या एकाधिकाराविरुद्ध ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. कर्करोगावरील लोकनिधीचा इतिहास लिहिताना या निवासांना व औषधपेढ्यांना तळटिपेत ढकलण्याची सवय आहे. ती चुकीची आहे, कारण उपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या शोधाचा उपयोग होत नाही, आणि त्या रुग्णाचे पुढे काय झाले हे न कळल्यामुळे संशोधकाचाही अभ्यास अपुरा राहतो.

संशोधनाच्या बाजूला जागतिक कीर्तीचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पाया घातला. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या ऊतींमध्ये, अर्थात पेशींच्या समूहांमध्ये, घडवलेले बदल तपासण्याचे शास्त्र. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते १९५२ मध्ये पहिले संचालक झाले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्यांचा विषय होता स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या वेगवेगळ्या वंशांत स्तनाच्या गाठी कशा उद्भवतात, त्यांत आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. संप्रेरक म्हणजे शरीरातील ग्रंथींमधून रक्तात मिसळणारे व दूरच्या अवयवांचे काम नियंत्रित करणारे द्रव्य. स्तनाच्या कर्करोगात त्याचे महत्त्व आज पाठ्यपुस्तकात शिकवले जाते, परंतु त्या काळात हा प्रश्न खुला होता आणि एक मराठी स्त्री परळच्या प्रयोगशाळेत बसून तो सोडवू पाहत होती. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्यावर त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची, भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मुंबईतील जनजागृतीच्या फलकांवर नट-नट्यांच्या चेहऱ्यांइतकाच रणदिवे यांचा चेहरा दिसायला हवा होता. तो दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रयोगशाळेतील प्रश्न एक, आणि शहरात हा रोग किती जणींना होतो हा प्रश्न दुसरा. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने, म्हणजे एका स्वयंसेवी संस्थेने, १९६३ मध्ये मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. एखाद्या रुग्णालयात आलेले रुग्ण मोजण्याऐवजी ठरावीक भूभागात राहणाऱ्या सर्व लोकांमध्ये नव्याने आढळलेला प्रत्येक रुग्ण टिपणे, हे अशा नोंदणीचे तत्त्व. या नोंदींतूनच पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे स्पष्ट झाले, आणि पूर्वी मुंबईच्या स्त्रियांमध्ये पहिल्या क्रमांकावर असलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग मागे पडून स्तनाचा कर्करोग पुढे आल्याचेही याच आकड्यांनी दाखवले. ग्रामीण भागातील अशी पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. तिथे रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली आणि मग नोंदी केल्या, म्हणजे जनजागृती आणि संशोधन ही दोन्ही कामे एकाच फेरीत झाली.

आज ज्याला स्तनाच्या कर्करोगाची निधिउभारणी म्हणून ओळखले जाते, ती गुलाबी फीत आणि धावण्याच्या शर्यती यांची परंपरा मात्र अमेरिकेतून आली. टेक्सासमधील डॅलस येथे सुझन कोमेन हिच्या नावाने तिच्या बहिणीने १९८२ मध्ये संस्था काढली, १९८३ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली, आणि १९९२ पासून गुलाबी फीत या चळवळीची खूण ठरली. मुंबईत टाटा रुग्णालयाशी जोडलेला विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह हा उपक्रम २००३ मध्ये देविका भोजवानी यांनी सुरू केला. त्या स्वतः या रोगातून बऱ्या झालेल्या असल्यामुळे गरीब स्त्रियांच्या उपचारखर्चाचा प्रश्न त्यांनी आतून पाहिलेला होता. २०१२ मध्ये मुंबईत फक्त स्त्रियांसाठीची पिंकेथॉन ही धाव सुरू झाली. ज्या समाजात स्तन हा शब्द घरात उच्चारणेही अवघड, गाठ लागली तरी दुखत नाही म्हणून नवऱ्यापासून व सासूपासून लपवली जाते, तिथे हजारो बायकांनी भर रस्त्यावर या रोगासाठी धावणे याला मोठे मोल आहे. तरीही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: अशा कार्यक्रमांतून उभे राहणारे बळ प्रामुख्याने जागृतीला व उपचाराला मिळते, आणि ते योग्यच आहे, संशोधनाचा मोठा भार मात्र सरकारी खजिन्यावर आणि परदेशी अनुदानांवर राहिला आहे.

आणि याखेरीज एक वर्गणी अशी आहे की जी कोणत्याही पावतीपुस्तकात लिहिली गेली नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. वस्त्यांचे २० गट पाडण्यात आले आणि ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा त्यांत समावेश झाला. अर्ध्या गटांमधील स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने करायची, ती दर दोन वर्षांनी अशी चार वेळा करायची. उरलेल्या अर्ध्या गटांना कर्करोगाची माहिती द्यायची, आणि दोन्हींकडे पुढे वर्षानुवर्षे कोणाला रोग झाला व कोण दगावले याची नोंद ठेवायची. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्रण, या देशात सर्व स्त्रियांना परवडणारे नाही, म्हणून शिकवून तयार केलेल्या हातांनी ते काम कितपत होते हे पाहणे हा हेतू होता. डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या गटातील रुग्णांत तिसऱ्या वा चौथ्या टप्प्यात, म्हणजे रोग बराच पसरल्यावर, निदान होण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरल्यास १५ टक्के घट दिसली, परंतु ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांना लाभ दिसला नाही.

या चाचणीला मुख्यतः अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अनुदान मिळाले, असे तिच्या हिशेबात लिहिले जाते. दारावर आलेल्या आरोग्यसेविकेला आत घेऊन, पाण्याच्या वेळा आणि कामाचे खाडे सांभाळून वीस वर्षे तिच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या दीड लाख बायकांचे योगदान त्या हिशेबात पैशाच्या रूपाने येऊ शकत नाही, पण त्यांच्याशिवाय ते अनुदान निरुपयोगी होते. याच चाचणीच्या गर्भाशयमुख कर्करोगाच्या भागावर, दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे कितपत न्याय्य होते, असा गंभीर वाद पुढे झाला. तो वाद रास्त होता. ज्या स्त्रियांची तपासणी न झाल्यामुळे तपासणीचे मोल जगाला मोजता आले, त्यांच्याच वस्त्यांमध्ये ती तपासणी सर्वांत आधी व कायमची पोहोचावी, एवढी तरी परतफेड या वादातून निष्पन्न व्हायला हवी होती.

परळच्या आणखी एका कामाचा उल्लेख इथे आवश्यक आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातील अकरा केंद्रांमध्ये १,६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती जागा बधिर करणाऱ्या नेहमीच्या औषधाचे इंजेक्शन दिले असता पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे औषध जुने, स्वस्त आणि कोणाच्याही एकाधिकाराबाहेरचे आहे. अशा संशोधनातून कोणत्याही कंपनीला नफा मिळणार नसल्यामुळे ते सार्वजनिक पैशानेच होऊ शकते, आणि लोकनिधीची खरी गरज याच प्रकारच्या कामाला आहे.

माहुलचे प्रकरण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९५४–५५ मध्ये गावाच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे रसायनांच्या साठवणटाक्या आल्या, आणि अलीकडच्या काळात प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या ७२ इमारतींच्या वसाहतीत तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे २०१७ पासून आणून ठेवण्यात आली. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध माहुल-आंबापाड्याचे ग्रामस्थ राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींचा दंड ठोठावला. इथे नेमकेपणा राखणे आवश्यक आहे: बेंझिनसारख्या द्रव्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे, पण माहुलच्या हवेमुळे स्तनाचा कर्करोग वाढला असे दाखवणारा पुरावा नाही, आणि तसे सुचवणे तिथल्या स्त्रियांवर अन्यायच होईल. त्यांची अडचण वेगळी व अधिक साधी आहे. परळ इथून काही किलोमीटरवर असले, तरी घर बदलले की जुना दवाखाना, ओळखीची आरोग्यसेविका आणि रोजगार ही तिन्ही तुटतात, आणि न दुखणारी गाठ दाखवायला जाण्याची वेळ कधीच येत नाही.

२०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर पाच वर्षांनी करायची आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या ०.९ टक्के जणींनी अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झाल्याचे सांगितले. उपनगरांतील गणेशोत्सव मंडळे, कोळीवाड्यांच्या जमाती आणि महिला बचत गट यांच्याकडे वर्गणी गोळा करण्याचे जे कसब पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यातला एक वाटा दरवर्षी आपल्या वस्तीतील तपासणी शिबिरासाठी, आणि गाठ सापडलेल्या बाईला परळपर्यंत सोबत करणाऱ्या एका माणसाच्या बुडालेल्या मजुरीसाठी, त्यांनी बाजूला काढावा.