धनादेशावरील चुंबकीय अंक : दोन वाचकांची एक लिपी

धनादेशाच्या तळाशी छापलेले जाड-बारीक, बेढब अंक ही यंत्रयुगाची एक लहर असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः त्या आकारांमागे एक विचारपूर्वक केलेली तडजोड आहे. तिचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धनादेशांचा वापर इतका वाढला की, हातांनी नोंदी करणारा कारकूनवर्ग अपुरा पडू लागला. १९५० साली कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिकेने हा प्रश्न स्टॅनफर्ड संशोधन संस्थेपुढे मांडला. त्यातून ‘एर्मा’ हे हिशेबयंत्र निर्माण होऊन सप्टेंबर १९५५ मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. यंत्राच्या सोयीसाठी पहिला बदल खातेवहीतच करावा लागला. तोवर खाती नावांच्या वर्णानुक्रमाने लावीत. आता प्रत्येक खात्यास क्रमांक मिळाला.

हा क्रमांक यंत्राने वाचावयाचा कसा? प्रकाशाच्या साहाय्याने वाचावे, तर शिक्के, सह्या व डाग आड येत. संशोधकांनी प्रथम चुंबकीय शाईच्या उभ्या पट्ट्यांची सांकेतिक खूण योजिली. परंतु यंत्राने नाकारलेला धनादेश कारकुनाच्या हाती आला, म्हणजे त्या पट्ट्या त्याला वाचता येणे शक्य नव्हते. तेव्हा केनेथ एल्ड्रिज यांनी अंकच चुंबकीय शाईत छापण्याचा मार्ग काढला. शाईतील लोहयुक्त द्रव्य प्रथम चुंबकित होते. पुढे वाचकशीर्षाखालून अंक सरकताना शाईचा उभा विस्तार जसजसा बदलतो, तसतसा विद्युत्दाब कमीअधिक होतो. प्रत्येक अंकाची विद्युत्तरंगरेषा वेगळी उठावी, म्हणूनच त्याला कोठे जाड, तर कोठे बारीक केलेले असते. या ‘ई-१३बी’ लिपीत दहा अंक व चार चिन्हे आहेत. नावातील १३ हा आकडा ०.०१३ इंचाच्या मूळ मापाचा निदर्शक होय. अमेरिकन बँकर्स असोसिएशनने १९५६ साली चुंबकीय शाईची पद्धत स्वीकारली व त्यानंतर थोड्याच वर्षांत ही लिपीही मान्य केली.

फ्रान्समधील बुल कंपनीने १९५७ च्या सुमारास ‘सीएमसी-७’ ही निराळी लिपी सिद्ध केली. तिच्यातील प्रत्येक अंक सात उभ्या रेघांचा असून रेघांमध्ये सहा अंतरे असतात. त्यांपैकी दोन रुंद, चार अरुंद. यंत्र केवळ या अंतरांचा क्रम ओळखते. बाह्याकृती उरते ती मनुष्याच्या डोळ्यासाठी. म्हणजे अमेरिकन लिपीत एकच आकार दोन्ही वाचकांची सेवा करतो, तर फ्रेंच लिपीत दोघांचे वाचन एकाच जागी, पण परस्परांहून स्वतंत्रपणे चालते.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात ‘ई-१३बी’ लिपी रूढ झाली. येथील नऊ अंकी संकेतात पहिले तीन अंक शहराचे, पुढील तीन बँकेचे व शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईचे धनादेश ४०० या अंकांनी ओळखावेत. २००८ साली दिल्लीपासून धनादेशाऐवजी त्याची प्रतिमा पाठविण्याची पद्धत सुरू झाली, तरी ही अंकपंक्ती लोपली नाही.

यंत्राला केवळ खुणा पुरल्या असत्या. अंकांचा आग्रह धरला गेला, तो यंत्र चुकेल तेव्हा मनुष्यास पडताळा घेता यावा म्हणून. लिपीच्या इतिहासात या बेढब अंकांना स्थान द्यावयाचे, ते याच कारणास्तव.