साताऱ्याची पंगत

पुण्यास किंवा वाईस विद्येसाठी आलेल्या निर्धन विद्यार्थ्याच्या उदरभरणाची जुन्या समाजाने जी तरतूद करून ठेवली होती, तिची माधुकरी आणि वार ही दोन अंगे होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, याप्रमाणे सात घरांच्या आधारावर आठवडा काढून ज्यांनी प्रथम शास्त्रे व पुढे इंग्रजी विद्या संपादन केली, त्यांच्या आत्मवृत्तांत या प्रथेचे स्मरण वारंवार येते, आणि ते कृतज्ञतेने यावे हे यथायोग्यच आहे. परंतु हे औदार्य जातीचा उंबरठा सहसा ओलांडीत नसे, आणि कुणब्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य गणल्या गेलेल्या घरातील मुलाला वार लावावयास शहरात घरच नव्हते.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडण्यास चालना दिली ती ही उणीव ओळखूनच. मात्र तेथेही बहुतेक वसतिगृहे एकेका ज्ञातीची होती. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले, महसूल खात्यातील एका कारकुनाचे चिरंजीव भाऊराव पाटील अशाच एका जैन वसतिगृहात राहत असता, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुस्तकी परीक्षांत ज्यांची गती बेताचीच होती, त्या या विद्यार्थ्याचे पुढील सारे चरित्र या एका नकारातून निघाले असे म्हणण्याचा मोह होतो. पण चरित्रे इतकी सरळ नसतात. मध्यंतरी खासगी शिकवण्या झाल्या, ओगले आणि किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीसाठी गावोगावची भ्रमंती झाली, कोल्हापूरच्या एका खटल्यात तुरुंगवासही घडला. इस्लामपूरकडे वर्गाबाहेर बसविलेला ज्ञानदेव घोलप हा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्याला त्यांनी कोल्हापुरास शिक्षणासाठी पोहोचविले, असे सांगतात. हेच घोलप पुढे डॉ. आंबेडकरांनी १९२० साली सुरू केलेल्या ‘मूकनायक’ पत्राचे संपादक झाले.

दुधगावास १९१० मध्ये स्थानिक सहकाऱ्यांच्या साहाय्याने भाऊरावांचा वसतिगृहाचा प्रारंभिक प्रयोग झाला, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडनजीकच्या काले या गावी त्यांच्या हातून रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. येथे जे वसतिगृह उभे राहिले त्याचे वैशिष्ट्य इमारतीत नव्हते, अभ्यासक्रमातही नव्हते. ते त्याच्या स्वयंपाकघरात होते. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व घरांतील मुले एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंक्तीत बसून खात, आणि दळण, पाणी, सरपण, शेतकाम, भांडी ही कामे आपसांत वाटून घेत. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला दात्याच्या ओसरीवर मान खाली घालून बसावे लागे. येथे जेवणारा स्वतःच रांधणारा असल्यामुळे त्या मिंधेपणाला जागा उरली नाही. समतेवरील शंभर व्याख्याने ऐकून जे घडले नसते ते भाकरी थापण्याची पाळी आल्याने घडले, असे माझे मत आहे, आणि व्याख्यानांविषयी मला अनादर आहे असे मात्र कोणी समजू नये.

या पंक्तीची किंमत ज्यांनी मोजली त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत. सधन घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या जुन्या वळणात वाढलेल्या या बाईंपुढे नवऱ्याने आणून उभी केलेली परक्या जातींची पोरे प्रथम संकट म्हणूनच उभी राहिली असतील. परंतु आजारी मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आणि उपाशी मुलाला वाढणाऱ्या बाईला सोवळे फार काळ सांभाळता येत नाही. मुलांनी त्यांना आई केले, आणि त्या आईपणात त्यांचे विचार पालटले. जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना तेव्हा त्यांचे दागिने एकेक करून गेले, आणि कोठीतील धान्य संपले त्या दिवशी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. शिक्षणाच्या इतिहासात अशा स्त्रियांना आपण बहुधा नवऱ्याच्या चरित्रातील एका परिच्छेदाइतकीच जागा देतो, आणि येथेही त्याहून अधिक देता आली नाही याचा खेद वाटतो.

१९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले, तेव्हापासून त्याचा लौकिक जिल्ह्याबाहेर गेला. पैशाची चणचण मात्र तशीच राहिली. घराघरांतून रोज मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते मुलांसाठी गोळा व्हावे, ही मुष्टिफंडाची योजना त्या चणचणीतूनच रूढ झाली. जी बाई दळणातील मूठ काढून ठेवी तिला ते धान्य कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात जाणार हे विचारण्याची सोयच नव्हती, आणि या न विचारण्यात मला त्या योजनेची खरी किमया दिसते.

१९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले आणि चक्र पुरे झाले. कालचा विद्यार्थी मास्तर होऊन, जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा वाडीवस्तीवरील व्हॉलंटरी शाळेत जाई. पंगतीत लागलेली सवय त्याच्याबरोबर जाई, आणि पटावर सर्व घरांची मुले एकत्र मांडण्याचा आग्रह तो धरी. गावकी कधी रुसली असेल, कधी निमूट राहिली असेल. परंतु ज्या पोराला आपणच मूठ देऊन वाढविले त्याला परका म्हणणे कठीण जाते. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, आणि याच बोर्डिंगात वाढून विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले पी. जी. पाटील पुढे त्याचे प्राचार्य झाले. वकिलीतील धनलाभ सोडून त्यांनी ही जागा पत्करली.