दंतस्थैर्य, उपदाढा काढून केलेल्या उपचारानंतरचे

दाटीवाटीने आलेले दात सरळ करायला जबड्यात जागा नसेल, तर बहुधा चार पहिल्या उपदाढा काढतात आणि तारा लावून उरलेले दात ओळीत आणतात. तारा निघाल्यावर ही ओळ किती वर्षे टिकते, यावर शतकभर वाद झाला आहे.

अमेरिकेत दंतवैद्य एडवर्ड अँगल यांचा दात काढायला ठाम विरोध होता. १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांनी उलट बाजू जाहीरपणे मांडली. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या रुग्णांचे दात पुन्हा सरकलेले दिसले. त्यांनी त्यांतल्या अनेकांच्या उपदाढा काढून उपचार नव्याने केले. दात काढले की ओळ टिकते, हा विश्वास त्यातून बळावला.

त्याला तडा गेला तो सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. तिथल्या रॉबर्ट लिटल यांचे मोजमाप (१९७५) साधे आहे: खालच्या जबड्याच्या साच्यावर एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत पाच ठिकाणी शेजारचे दात एकमेकांपासून किती सरकलेत ते कॅलिपरने मोजायचे आणि बेरीज करायची. साडेतीन मिलिमीटरच्या आत असेल तर ओळ चांगली. उपदाढा काढलेल्या ६५ जणांना रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन) सोडून किमान १० वर्षे झाली, तेव्हा ३० टक्क्यांहून कमी जणांची ओळ समाधानकारक उरली होती (१९८१). २० वर्षांनंतर तपासलेल्या ३१ जणांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आले (१९८८). कोणाचे दात सरकतील, हे आधी ओळखण्याची खूणही सापडली नाही.

दात सरकण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. वळवून सरळ केलेल्या दाताभोवती हिरडीतले तंतू ताणलेले राहतात आणि त्याला मागे ओढतात. ते नव्याने जुळायला वर्षभर लागू शकते. त्यात खालच्या दोन सुळ्यांमधले अंतर वयाबरोबर कमी होते. कधीच तारा न लावलेल्यांचेही पुढचे दात असेच दाटतात, त्यामुळे सारा दोष उपचाराला देणे अन्यायाचे. अक्कलदाढेवर फोडले जाणारे खापरही संशोधनाच्या कसोटीवर टिकलेले नाही.

उपाय दोन: हिरडीतले ताणलेले तंतू कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आणि रिटेनर. रिटेनर रात्री घालायचा असो वा दातांमागे चिकटवलेली तार असो, सरळ दात हवेत तोवर तो ठेवावा लागतो. हे उपदाढा काढण्याआधीच रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे.