तीन खंडांचे साम्राज्य आणि दीवचा किल्ला

शाळेत असताना १४५३ हे साल आपण सगळ्यांनीच घोकले आहे. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, मसाल्याची वाट अडली, म्हणून पोर्तुगीज समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले, असे लिहिले की गुण मिळायचे. पण नकाशा आणि सनावळी शेजारी ठेवल्या की हे उत्तर अपुरे वाटू लागते.

त्या काळी मिरी युरोपात जायची ती मुख्यतः तांबड्या समुद्रातून, अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिसला. हा मुलूख मामलूक सुलतानांचा होता. उस्मानी तुर्कांचा सुलतान पहिला सलीम याने तो १५१६-१७ मध्ये जिंकला. वास्को द गामा मात्र १४९८ मध्येच कालिकतला पोचला होता आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला होता. म्हणजे तुर्क सुएझला येण्याआधीच पोर्तुगीज मांडवीकाठी ठाण मांडून बसले होते.

पुढे सलीमचा मुलगा सुलेमान (१५२०-६६) याने १५२१ मध्ये बेलग्रेड, १५३४ मध्ये बगदाद आणि १५४१ मध्ये हंगेरीचे बुदा घेतले. पश्चिमेला अल्जियर्स, पूर्वेला बसरा अशी तीन खंडांवर सत्ता पसरली. अर्थात ती सगळीकडे सारखी नव्हती. बुदाला पाशा कारभार पाही, क्रिमियात खान होता, तर मोल्डाव्हियाचा राजा नुसती खंडणी भरी.

हे साम्राज्य आपल्या बाजूला किती पोचले? १५३८ मध्ये इजिप्तचा सुभेदार सुलेमान पाशा सुएझहून आरमार घेऊन निघाला. वाटेत एडनच्या अमिराला दग्याने फाशी देऊन त्याने ते बंदर बळकावले आणि मग दीवला वेढा घातला. जमिनीवरून गुजरातच्या सुलतानाचे सैन्य साथीला होते. पण एडनची हकीकत कळल्यावर गुजराती सरदारांचा पाशावरचा विश्वास उडाला. किल्ल्यातले पोर्तुगीज चिवटपणे लढले आणि दोन महिन्यांनी पाशा माघारी फिरला. सुएझला जहाजांचे लाकूडसुद्धा दुरून आणावे लागे. व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत धडकलेल्या सत्तेला अरबी समुद्र पेलला नाही.

दीव पडले असते तर गोव्यावरही संकट आले असते. प्रत्यक्षात उस्मानी सुलतानशाही १९२२ मध्ये संपली, आणि दीवच्या किल्ल्यावरचा पोर्तुगीज झेंडा उतरला तो गोव्याबरोबरच, डिसेंबर १९६१ मध्ये.