पीकपेऱ्याच्या रकान्यांची कुळकथा

मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तुरीचं तास टाकणं नेहमीचं. अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरचा शेतकरी आता बांधावर उभा राहून मोबाइलमध्ये पीकपेरा भरतो. गट नंबर, हंगाम भरून झाला की ई-पीक पाहणीचं ॲप विचारतं : निर्भेळ पीक की मिश्र पीक?

हा प्रश्न ॲपपेक्षा जुना आहे. तो सातबाऱ्यातून आला. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, 12 म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले आणि सातबारा झाला. नमुना 12 मध्ये मिश्र पिकाचे रकाने वेगळे, निर्भेळ पिकाचे वेगळे. शिवाय प्रत्येकाचं जलसिंचित आणि अजलसिंचित क्षेत्र निराळं. आधी शेत म्हणजे काय हे ठरलं, मग रेघा आखल्या गेल्या.

घाटनांदूरला हा कागद उशिरा पोचला. गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं. तिथं हिशेब फसली या महसुली सनाचा. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात 1954-55 चं खासरा पत्रक ही जुनी जमीन-नोंद अजूनही बाहेर निघते. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढे 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि 1971 चे नियम यांनी नमुने राज्यभर एकसारखे केले.

आधी शेत, मग रेघा हा क्रम संगणकाच्या जगातही आला, पण उशिरा. 1980 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात कर्करोगाच्या उपचारांची माहिती डॉक्टरांनी स्वतः भरावी म्हणून ‘ओपल’ हे सॉफ्टवेअर तयार झालं. त्याचे फॉर्म हातानं घडवलेले. विषय बदलला की सगळं पुन्हा. तिथल्याच मार्क म्युसेन यांनी ‘प्रोटेजे’ या सॉफ्टवेअरमध्ये क्रम फिरवला : आधी विषयातल्या वस्तू, त्यांचे गुण आणि नाती सांगायची, फॉर्म त्यातून आपोआप निघतो. अशा मांडणीला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात.

आपोआप निघालेला फॉर्म मात्र ओबडधोबड. म्हणून ‘प्रोटेजे-2000’ मध्ये फॉर्मसाठी वेगळा टॅबच दिला. चौकट ओढून मोठी करा, वर-खाली सरकवा, तिचं नाव बदला, नको तर लपवा. चौकट लपवली तरी आतला गुण पुसला जात नाही.

सातबाऱ्यावर असं सरकवणं तलाठ्याच्या हातात कधीच नव्हतं. तो छापील रकान्यात भरायचा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. भरणारा बदलला, तसा फॉर्मही बदलला : आडव्या रकान्यांच्या जागी एकामागून एक प्रश्न आले आणि पिकाचा फोटो सक्तीचा झाला. मिश्र आणि निर्भेळ हा भेद तेवढा जसाच्या तसा राहिला.