धर्माने शिकवलेली अंतर्मुखता

१६३० साली ‘आर्बेला’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सला उतरलेल्या प्युरिटनांमध्ये अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट ही जेमतेम अठराची विवाहिता होती. तिचे वडील थॉमस डडली आणि पती सायमन हे दोघेही पुढे त्या वसाहतीचे गव्हर्नर झाले. अशा कर्मठ घरातली ही आठ मुलांची आई कवयित्री झाली ती धर्माविरुद्ध बंड करून, असे पुष्कळदा मांडले जाते. तिचे लेखन मात्र उलट साक्ष देते. प्युरिटन धर्माने अंगी बाणवलेल्या आत्मपरीक्षणातूनच तिची उत्तम कविता निपजली.

१६५० साली तिच्या मेहुण्याने लंडनमध्ये छापवून आणलेल्या संग्रहात चार महाभूते, ऋतू, प्राचीन साम्राज्ये असे विषय आहेत. त्यांत व्यासंग आहे, पण द्यु बार्तास या फ्रेंच कवीची छायाही दाट आहे. तिचा स्वतःचा सूर लागतो तो आजारपण, बाळंतपण, पतीचा विरह आणि नातवंडांचे मृत्यू यांवरच्या कवितांत. ईश्वरी कृपेच्या खुणा स्वतःच्या मनात शोधणे हे प्रत्येक प्युरिटनाचे कर्तव्य होते. म्हणूनच मुलांसाठी लिहून ठेवलेल्या पत्रात, ईश्वर आहे की नाही अशी शंका आपल्याला आली होती, हे ती लपवत नाही. जुलै १६६६ मध्ये अँडोव्हरचे घर जळाले, तेव्हा त्यावर लिहिलेल्या कवितेत गमावलेल्या वस्तूंसाठी ती आधी मनापासून हळहळते आणि मग स्वतःलाच खडसावते. या हळहळीत बंड शोधणारे एक गोष्ट विसरतात: आसक्ती तोडायची तर आधी तिची कबुली द्यावी लागते.

यावर आक्षेप येईल तो अ‍ॅन हचिन्सनच्या उदाहरणाचा. धर्मावर प्रवचने करणाऱ्या या बाईला १६३७ साली हद्दपारीची शिक्षा झाली, आणि ती देणाऱ्या न्यायसभेत डडली व सायमन दोघेही होते. एका बाईला वेड लागले ते अतिवाचन-लेखनाने, असे वसाहतीचे पुढारी विन्थ्रॉप यांनी १६४५ साली रोजनिशीत नोंदवले. ही दडपशाही खरीच होती; अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटच्या संग्रहालाही, तिने घरकामात कसूर केली नाही, अशी पुरुषांची ग्वाही जोडावी लागली. पण बंदी होती ती स्त्रीने चारचौघांत धर्माधिकार गाजवण्यावर. स्वतःच्या मनाचा झाडा घेण्यावर ती नव्हती. उलट तो घेण्याची सक्तीच होती. आगीवरची कविता छापली गेली ती थेट १८६७ साली. वाचकांच्या कौतुकाची अपेक्षा नसतानाही ती इतक्या सचोटीने लिहिली गेली, यातच त्या शिस्तीचे बळ दिसते.