मिलाग्रीस सायबिणीची तारीख आजी कशी काढायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना मध्ये मध्ये जे 'म्हणजे... अं...' होतं ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

मी तारकर्लीचा. गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच स्कूबाचे रेट विचारतो. मी पुण्यात कोड लिहितो, स्कूबा कधी केलेलं नाही. पण आजचा विषय आमच्या घरातला आहे. माझी आजी, कपाळभर कुंकू लावणारी, दर वर्षी एप्रिल-मेमध्ये एका सोमवारी खोबरेल तेलाची बाटली पिशवीत घालून एसटीने म्हापशाला जायची. चर्चमध्ये. मिलाग्रीस सायबिणीला तेल घालायला. बाबा लहानपणी कावीळ होऊन अगदी हाताबाहेर गेले होते, तेव्हा तिने बोललेला नवस होता. बाबा वाचले, आणि नवस चाळीसेक वर्षं चालू राहिला.

गेल्या पावसाळ्यात आजी गेली. आता प्रश्न असा की तेल कोण नेणार. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "नवस तिचा होता, तिच्याबरोबर संपला. आपल्यात कुठे असतं हे?" बाबा गप्प. मीही गप्प बसलो, पण 'आपल्यात कुठे असतं' हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला बसलो.

सुरुवात तारखेपासून करतो, कारण माझं डोकं तिथेच आधी अडकलं. हा सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. आजीला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं, मग तिला कळायचं कसं? तिची पद्धत साधी होती. शेजारच्या कॅथलिक मावशींना विचारायचं, "गे बाय, इस्टर कदी यंदा?" मग इस्टरच्या रविवारपासून बोटांवर मोजायला लागायचं. इस्टर धरून सोळावा दिवस, म्हणजे सोमवार, म्हणजे म्हापसा. कधीच चुकली नाही.

चर्चचं वर्ष दोन चाकांवर चालतं. एक चाक सूर्याचं, तिथल्या तारखा पक्क्या. २५ मार्चला देवदूताने मरियेला निरोप दिला असं मानतात, तिथून बरोबर नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर, नाताळ. तसंच मरियेचं स्वतःचं. ८ डिसेंबरला ती आईच्या पोटात आली, ८ सप्टेंबरला जन्मली. पणजीच्या पायऱ्यांवरच्या पांढऱ्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं ते त्यामुळे, आणि मुंबईत बांद्र्याची जत्रा ८ सप्टेंबरच्या पुढच्या रविवारी सुरू होते तीही त्यामुळेच. सेंट जॉन येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून तो २४ जूनला. गोव्यात त्या दिवशी डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात. तो आईच्या पोटात असताना मरिया भेटायला आली आणि त्याने आनंदाने उडी मारली अशी बायबलमधली गोष्ट आहे. त्या उडीला आपल्या पावसाळ्यातल्या तुडुंब विहिरी मिळाल्या. मला हे फार आवडतं.

दुसरं चाक चंद्राचं. इस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. हे गणित इतकं किचकट की डोनाल्ड कनुथने आपल्या प्रसिद्ध अल्गोरिदमच्या पुस्तकाच्या पहिल्याच खंडात इस्टरची तारीख काढणं हा व्यायाम म्हणून दिलाय. याच तारखेचं गणित सरकत चाललं होतं म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दहा दिवस कॅलेंडरमधून उडवले. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. आपला फोन आज जी तारीख दाखवतो, तिच्यामागे इस्टर आहे.

आता खरी गंमत. मिलाग्रीस इस्टरनंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे पौर्णिमेनंतर १६ ते २२ दिवसांच्या दरम्यान. आणि गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लईराई देवीची जत्रा असते वैशाख शुद्ध पंचमीला. चैत्र पौर्णिमेनंतर अमावास्येपर्यंत पंधरा, वर पाच, म्हणजे साधारण वीस दिवस. मी स्क्रिप्ट लिहून पाहिली. इस्टरची पौर्णिमा आणि चैत्र पौर्णिमा एकच असेल, तर दोन्ही उत्सव चार-पाच दिवसांच्या आत येतात. २०२५ मध्ये लईराईची जत्रा २ मेला होती (ज्या रात्री तिथे चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तीच) आणि मिलाग्रीस ५ मेला. २०२४ मध्ये मात्र पौर्णिमा २५ मार्चला पडली. चर्चच्या हिशेबात ती इस्टरची, आपल्या पंचांगात फाल्गुनातली, होळीची. मग मिलाग्रीस १५ एप्रिलला आणि वैशाख पंचमी १२ मेला, जवळजवळ महिन्याचं अंतर. यंदा २०२६ मध्ये इस्टर ५ एप्रिलला, मिलाग्रीस २० एप्रिलला, पंचमी २१ला. लागून लागून.

मी हे एवढं का मोजतोय? कारण लोक म्हणतात की या दोघी बहिणी आहेत.

गोष्ट अशी सांगतात. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. बहिणी म्हणजे लईराई, केळबाय, महामाया, मोरजाई, अजादीपा, शीतळाई आणि मिराबाई. यातली मिराबाई म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली, तीच मिलाग्रीस सायबिण. म्हणून एकीकडून दुसरीकडे तेल जायचं आणि उलट फुलं यायची असं जुने लोक सांगतात. शिरगावात मोगऱ्याचे कळे आणि होमकुंडातून चालणारे धोंड, म्हापशात मेणबत्त्या आणि तेल.

गोष्ट गोड आहे. पण नकाशा उघडला की ती वेगळी दिसायला लागते. म्हापसा बार्देशात. बार्देश पोर्तुगीजांकडे १५४३ पासून, तिथे फ्रान्सिस्कन पाद्री आले, देवळं पाडली गेली, म्हापशाचं सेंट जेरोमचं चर्च १५९४ मध्ये उभं राहिलं. आता बाकीच्या बहिणी बघा. लईराई शिरगावात, केळबाय मुळगावात, महामाया मये गावात. ही सगळी डिचोलीतली गावं. मोरजाई मोरजीला, पेडण्यात. डिचोली आणि पेडणं पोर्तुगीजांनी घेतलं ते थेट अठराव्या शतकाच्या शेवटी, १७८०च्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे मधली दोनेकशे वर्षं या बहिणींच्या मधून सरहद्द जात होती. जी पोर्तुगीजांच्या बाजूला राहिली, ती 'बाटली'. बाकीच्यांना देवळात राहता आलं. माझा अंदाज असा की, ज्यांचं माहेर तुटलं अशा माणसांनी, अलीकडच्या आणि पलीकडच्या, मिळून ही गोष्ट रचली असावी. धर्म बदलला तरी नातं मोडत नाही, एवढं सांगायला बहिणीपेक्षा चांगलं नातं कोणतं? पुरावा मागाल तर हातात हा नकाशाच आहे.

आता काकांच्या बाजूनेही बोलतो, कारण त्यांचा राग हवेतला नाही. १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर, गोव्यात इन्क्विझिशन होतं. अंगणात तुळस लावली, लग्नात जुनी गाणी म्हटली, एवढ्यावरून माणसं अडचणीत येत. या जाचाला, करांना, रोगराईला, कधी आपल्याच मराठा फौजांच्या स्वाऱ्यांना कंटाळून गोव्यातून माणसं बाहेर पडली. त्यात हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. सावंतवाडी-मालवणकडचे आपले अनेक कॅथलिक शेजारी त्याच वाटेने आलेल्यांचे वंशज. सावंतवाडीचं जुनं चर्च पण मिलाग्रीसचंच आहे, आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला तेव्हा तेच त्याचं मुख्य चर्च ठरलं. म्हणजे जाताना माणसांनी सायबिणीलाही बरोबर घेतलं.

आणि एक किस्सा, जो शाळेत अर्धाच शिकवतात. १६८३च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटाचा किल्ला घेतला आणि गोवा शहर आता जाणार अशी वेळ आली. व्हाइसरॉय होता फ्रान्सिस्को द ताव्होरा, कोंद द आल्व्होर. तो गेला थेट सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी, पेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्याच्या हाताशी ठेवला. आता तूच सांभाळ. जानेवारीत मराठे मागे फिरले. पोर्तुगीज म्हणाले संताने वाचवलं. खरं कारण शाह आलमची मुघल फौज कोकणात उतरत होती आणि महाराजांना रायगडाकडे वळणं भाग होतं. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात जी गर्दी होते, तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात, पण या संताच्या पायाशी आपल्या इतिहासाचंही एक पान पडलेलं आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

याच कोंद द आल्व्होरने सहा महिन्यांनी, २७ जून १६८४ला फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. हे मला शत्रूच्या स्वारीपेक्षा भयंकर वाटतं. कारण त्याच गोव्यात १६१६ मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' छापलं होतं, जवळपास ११ हजार ओव्या, मराठीत. ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी, आणि गोष्ट मरियेची आणि येशूची. चर्चमध्ये ते पुराणासारखं वाचून दाखवायचे. नंतर आणखी दोन आवृत्त्या निघाल्या आणि मग ही मराठी छपाई थांबलीच. त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. पुस्तक टिकलं ते हस्तलिखितांमुळे, लोकांनी घरात उतरवून ठेवलेल्या वह्यांमुळे, आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. म्हणजे 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' अशी भिंत भाषेत तरी नव्हती. ती बांधण्याचा हुकूम निघाला होता.

बाकी वर्षभरातलं थोडक्यात सांगतो, कारण हा एपिसोड लांबलाय. २९ जूनला सेंट पीटर, तो मासेमारी करणारा. गोव्यात त्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून 'सांगोड' करतात. आपण मराठीत 'सांगड घालणे' म्हणतो तोच शब्द. ऐन मासेमारीबंदीत, होड्या किनाऱ्यावर असताना येणारा सण. आमच्या मालवणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्याची वाट बघणारी मनं आणि ही मनं वेगळी नसावीत. ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त, राय गावात ५ला, ताळगावात २१ला. भाताचं पहिलं कणीस कापून चर्चमध्ये नेतात. आमच्याकडे नवं दाराला बांधतात. मे महिना मरियेचा, वाडीतल्या क्रुसाजवळ लदीन गातात आणि मग उकडलेले चणे. लहानपणी आम्ही चण्यांसाठी जायचो, लदीन कळायची नाही, लॅटिन होती. कळत त्यांनाही फारशी नसावी.

शेवटी एक आठवण. आजीच्या भिंतीवर 'कालनिर्णय' असायचं. १९७३ मध्ये ते सुरू करणारे जयंतराव साळगांवकर मूळ मालवणचेच. त्यात एकादशी, उरूस, पतेती आणि इस्टर एकाच पानावर छापलेलं असतं. मी आजीला एकदा म्हटलं, "अगो, इथे इस्टर लिहिलेलं आहे, मावशींना कशाला विचारतेस?" ती म्हणाली, "कागद बघून कळात रे झिला, पण तिका इचारूक नको?" तेव्हा मला ते वेळ घालवणं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात मी घरी फोन केला. बाबांना विचारलं, तुमचं काय म्हणणं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आजारी मी होतो. काका नव्हतो." ग्रुपवर अजून कोणी काही लिहिलेलं नाही. काकांना मी हा एपिसोड पाठवणार आहे, ऐकतील की नाही माहीत नाही.

मी २० एप्रिलची रजा टाकलीय. सोमवार आहे, स्प्रिंट सुरू व्हायचा दिवस, मॅनेजरने कारण विचारलं तर 'घरचं काम' लिहीन. आदल्या दिवशी तारकर्लीला पोचायचं. घाण्याचं तेल मिळालं तर बरं, नाहीतर दुकानातलं. तारीख मी प्रोग्रॅमने काढली आहे, तरी मावशींना फोन करून विचारून घेतो.